दोर

आमच्या घरात विकतचा दोर फार उशिरा आला. मानोऱ्याच्या शेतात बाबा धुऱ्यावर अंबाडी लावत. कोवळा पाला भाजीत जाई. झाडं वाढली की ती कापून नाल्याच्या पाण्यात कुजत घालायची, मग साल सोलून वाळवायची. दिवाळीनंतर ओसरीत बसून बाबा दोर वळत आणि पीळ धरायचं काम माझ्याकडे असे. “ताठ धर, सैल सोडू नको,” एवढंच ते म्हणत. त्या दोराने बैल बांधले जात आणि आडातली बादली वर येई. पाणी ओढून ओढून माझा उजवा खांदा भरला होता, ब्लाउजचं माप घेताना शिंपीणबाईच्या ते लगेच ध्यानात येई. पुढे लेकीचा पाळणा दोरावरच हलला. घरोघरी नळ आले आणि दोराला धुणं वाळत घालण्यापुरतंच काम उरलं.

मग उजव्या स्तनात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं. स्तन गेला, काखेतल्या लसिकाग्रंथीही काढल्या. घरी आले तर भेटायला येणारी प्रत्येक बाई एकच सांगे, “हात हालवू नको बाई, टाके उसवतीन.” सासूबाई हाताखाली उशी सरकवत, लेक वेणी घाली. त्या मायेला मी काय म्हणणार? पण याच मायेपोटी कितीतरी बायकांचे खांदे कायमचे आखडतात, हे मला आता कळतं आणि आतून सलतं.

दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने दुसऱ्याच दिवशी मूठ उघड-मीट करायला आणि कोपर वाकवायला लावलं होतं. जखमेतलं पाणी काढायला लावलेली नळी असेपर्यंत हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, हेही बजावलं होतं. नळी निघाल्यावर भिंतीकडे तोंड करून बोटांनी वर चढायचं आणि पोचू तिथे पेन्सिलीने खूण करायची. पण खूण एका जागी अडली. पुढच्या खेपेला तिने माझा हात बाजूला धरून काखेत बोट लावलं. काखेपासून कोपराकडे कातडीखाली ताणलेल्या दोरीसारखं काही उठून आलं होतं. तिथून पुढे हात नेला की ते तुटेल असं वाटे. काखेतल्या ऑपरेशननंतर पुष्कळ जणींना हे होतं आणि रोज थोडं थोडं ताणलं की सैल पडतं, असं ती म्हणाली. मग विचारलं, “मावशी, घरी दोर आहे का?”

दोर उघड्या दाराच्या माथ्यावरून टाकायचा. दोन टोकं दोन हातांत. चांगल्या हाताने टोक खाली ओढायचं, की दुखरा हात आपोआप वर जातो. ताण आला की तिथेच थांबायचं, श्वास सोडायचा आणि सावकाश खाली यायचं. घाई करायची नाही, झटका द्यायचा नाही. सासूबाई पहिल्यांदा दाराशी येऊन रडल्या. मग रोज सकाळी त्याच आठवण करून देऊ लागल्या.

ही युक्ती जुनी आहे. न्यूयॉर्कच्या टेरीज लासर यांचा स्तन १९५२ साली काढला, तेव्हा पुढे काय करायचं हे त्यांना कोणी सांगेना. मग त्या स्वतःच दवाखान्यातल्या इतर बायकांना भेटू लागल्या. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘रीच टू रिकव्हरी’ उपक्रमाच्या भेटीच्या सामानात रबरी चेंडू आणि दोरी असे. अशा व्यायामांचा ब्रिटनमध्ये ३९२ स्त्रियांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये छापून आला. ज्यांना ऑपरेशननंतर आठवड्या-दीड आठवड्यात रीतसर व्यायाम सुरू करून दिले, त्यांचा हात वर्षभरानंतर जास्त चांगला चालत होता. शिवाय रेडिएशन घेताना हात डोक्यावर नेऊन निजावं लागतं. आखडलेला हात वरच जात नसेल तर तो उपचारही अडतो.

ऑपरेशनसाठी माणूस बैलजोडी विकतो. व्यायामाला एक दोर पुरतो, पण तो व्यायाम शिकवणारं माणूस जवळ नसतं. आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, वाशीमला, २०२४ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. तिथून एक फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एक दिवस तालुक्याला यावा, अशी माझी कळकळीची मागणी आहे. आशाताईंनाही हे चार व्यायाम शिकवावेत.

पोहरादेवीकडच्या तांड्यावरची एक बाई वेचणीला येते. तिचंही ऑपरेशन झालंय. तिने विचारलं, “कापूस वेचू का?” मला सांगितलं होतं तेच मी सांगितलं. ओझं एकदम उचलायचं नाही, हळूहळू वाढवायचं. त्या हाताला ओरखडा उठला तर लगेच साबणाने धुवायचा. हात लाल, गरम झाला किंवा सुजला तर वाट न बघता डॉक्टर गाठायचा. आणि हातमोजे घालायचे. ती म्हणाली, “मोज्यानं बोंडातला कापूस निघते का, बाई?” नाहीच निघत. बोंडाची टोकं बोटांनाच लागतात. वेचताना नवऱ्याचा जुना शर्ट ती घालतेच, त्याच्या बाह्या मनगटापर्यंत सोडायच्या, एवढं आम्ही ठरवलं. बोटांचं काय करायचं, ते नागपूरच्या पुढच्या खेपेत त्या मुलीला विचारणार आहे. या बाईलाही सोबत नेते आहे.