रंग चंद्राचा की काचेचा?



आपण चंद्राला शुभ्र म्हणतो, शीतळ म्हणतो. पण त्याच्या अंगावर निळा आणि तांबूस असे रंग आहेत, असे कुणी सांगितले तर आपला विश्वास बसेल का? माझा बसला नव्हता.

गोष्ट २०२१ च्या मे महिन्याची. करोनाची दुसरी लाट होती. आदल्या वर्षी पादुका एसटीने पंढरीला गेल्या होत्या, आणि याही वर्षी पायी वारीची आशा दिसत नव्हती. त्या दिवसांत पुण्याच्या प्रथमेश जाजू या सोळा वर्षांच्या मुलाने काढलेला चंद्राचा रंगीत फोटो सगळीकडे गाजला. ३ मेच्या मध्यरात्रीनंतर सुमारे चार तास तो चंद्र टिपत होता. पन्नास हजारांहून अधिक प्रतिमा, १८६ जीबी माहिती, आणि त्यातून एक चित्र घडवायला जवळजवळ चाळीस तास! वद्य पक्षातला अर्धा चंद्र, आणि त्यावर निळसर-तपकिरी छटा.

हे रंग कुणी वरून भरलेले नसतात. चंद्रावरचे काळे डाग म्हणजे फार पूर्वी थिजलेल्या लाव्हारसाची मैदाने. ज्या खडकात टायटॅनियम जास्त, तो भाग किंचित निळसर. ज्यात कमी, तो तांबूस. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी शांतिसागर नावाच्या मैदानावरून दगड आणले, त्यांत टायटॅनियम भरपूर निघाले. ते मैदान रंगीत फोटोत निळसरच दिसते. मात्र हा फरक इतका बारीक, की डोळ्यांना जाणवत नाही. संगणकावर तो वाढवावा लागतो.

मग प्रतिमा हजारो कशाला? माउली, आपल्या डोक्यावरची हवा सतत थरथरते. एका प्रतिमेत चंद्राची एक कड हलते, दुसरीत दुसरी. कॅमेऱ्याचेही आपले कण-कण असतात. अशा शेकडो प्रतिमा एकावर एक नीट बसवल्या, की इकडेतिकडे जाणारे दोष एकमेकांना खोडतात आणि जे सगळ्यांत समान असते तेवढे उरते. भजनात एखादा टाळ पुढे जातो, एखादा मागे राहतो. पण पन्नास टाळकरी उभे राहिले की ताल सापडतो. मला तर हा नामस्मरणाचाच दृष्टान्त वाटला. एकेका वेळी मन हलते, पण वारंवार घेतल्याने नाम स्थिरावते.

मीही एक साधी, भिंगाची दुर्बीण घेतली. चाकणच्या कारखान्यात दुसरी पाळी करून रात्री मोशीला घरी आलो की गच्चीवर जायचो. कारखान्यांचे दिवे, रस्त्याची धूळ, त्यातून वर येणारा पिवळट चंद्र. पुष्कळ रात्री फुकट गेल्या. शेवटी एका पौर्णिमेच्या सुमारास पाचशे प्रतिमा जमल्या. त्या जोडल्या, रंग वाढवले, आणि निळा-जांभळा असा चंद्र उमटला. मी हरखून गेलो.

२०२२ साली पायी वारी पुन्हा सुरू होणार होती. प्रस्थानाआधीच्या एकादशीला देवळात भजन झाल्यावर मी तो फोटो दिंडीत दाखवला. मंडळींनी वाहवा केली. आमचे विणेकरी बाबा मात्र फोन डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, "माउली, मधला निळा रंग दगडाचा म्हणता. मग ही कडेची जांभळी किनार कशाची?"

मी काहीतरी ठोकून दिले. "तिथे खनिज जास्त असेल," म्हणालो. बाबा हसले, बोलले काही नाही.

रात्री झोप येईना. गच्चीवर गेलो आणि दुर्बीण लांबच्या एका मनोऱ्यावरच्या दिव्याकडे वळवली. दिव्याभोवती तीच जांभळी किनार! चंद्राचे खनिज दिव्याला कुठून येणार? दोष माझ्या भिंगाचा होता. साधे भिंग सगळे रंग एकाच ठिकाणी आणू शकत नाही, म्हणून उजळ कडेला अशी किनार उमटते.

माउली, तेव्हा माझा दृष्टान्त अपुरा होता हे कळले. हवेचा दोष दर वेळी वेगळा, म्हणून पाचशे प्रतिमांत तो विरला. भिंगाचा दोष दर वेळी तोच, म्हणून पाचशे प्रतिमांनी तो पक्का केला. आणि रंग वाढवताना मी खऱ्याबरोबर तोही वाढवला. चंचलपणा आवृत्तीने जातो. पण मनातला 'मी' प्रत्येक जपात, प्रत्येक वारीत तसाच बसलेला असेल, तर तो नुसत्या संख्येने जात नाही. उलट संख्येचाच अभिमान होतो. तो दाखवायला दुसरा कुणी लागतो. आपल्याकडे संतसंगतीला एवढे महत्त्व का, हे मला त्या दिव्यापाशी समजले.

पुढच्या एकादशीला मी सर्वांसमोर सांगितले, "किनार चंद्राची नव्हे, माझ्या काचेची आहे, आणि बाबांना दिलेले उत्तर खोटे होते." बाबांनी वीणा सावरली, माझ्या पाया पडले, आणि मी त्यांच्या.

आता माझ्या चंद्राचे रंग फिके आहेत. शांतिसागर जेमतेम निळा दिसतो. पण जेवढा दिसतो, तेवढा त्याचाच असतो.

रामकृष्ण हरी!