हुकूम आणि पाय

साठी उलटल्यावर माणसानें नवा गुरु करूं नये, असें कोणत्याहि शास्त्रांत सांगितलेलें नाहीं. परंतु तो गुरु सोळा वर्षांचा आणि आपलाच नातू असला म्हणजे शिष्याची मोठी पंचाईत होते. गेल्या दिवाळींत ती आमची झाली.

घनसावंगीस आम्हां तिघां भावांचें एकत्र कुटुंब आहे. अंगणांत लहान मुलांनीं मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडले होते. थोरला नातू मात्र माडीवर एकटाच बसे. दहावीनंतर त्यास विज्ञानशाखेंत घालावें, असा निर्णय आम्हीं वडीलधाऱ्यांनीं बैठकींत केला होता. तेव्हांपासून तो विचारल्यापुरतेंच बोले. त्यास बोलतें करावें म्हणून एके दुपारीं आम्हीं म्हटलें, "तुझी ती टेबलावरची लढाई आम्हांस शिकीव पाहूं."

त्यानें पेटी उघडली. आंत स्वतः रंगविलेले बोटाच्या पेराएवढे शिपाई, फांसे आणि मोजपट्टी. टेबलावर निळ्या कापडाची पट्टी पसरून तो म्हणाला, "ही केळणा."

आम्ही चमकलों. असईची लढाई आमच्याच जालना जिल्ह्यांतली, २३ सप्टेंबर १८०३ ची. नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर गांवें दिसतात, त्या अर्थीं तेथें उतार असलाच पाहिजे, असा तर्क करून वेलस्लीनें नदी ओलांडली आणि शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्या विजयासाठीं त्याच्या बाजूचींच १,५०० हून अधिक माणसें मेलीं वा जखमी झालीं. हें सारें आम्हीं वर्षानुवर्षें मुलांकडून दोन ओळींत घोकून घेतलें होतें. नातवानें त्यांतला एवढासा तुकडा घेतला होता: उतारावरची चकमक, दहा शिपाई त्याचे, दहा आमचे.

आम्हांस बुद्धिबळाचा अभिमान. हरिकृष्णशास्त्र्यांनीं तेव्हांच्या औरंगाबादेंत १८७१ सालीं रचलेलें 'क्रीडाकौशल्य' आम्हीं वाचलेलें. तेव्हां हा आपल्या चतुरंगाचाच पणतू, असें आम्हीं समजून चाललों. प्रशियाच्या सैन्यांत १८२४ पासून अधिकारी अशा लुटुपुटीच्या युद्धांतून शिकत, आणि एच. जी. वेल्स यांनीं १९१३ सालीं खेळण्यांतल्या शिपायांच्या लढाईचे नियम पुस्तकांत मांडले, ही माहिती गुरुजींनीं पुरविली.

येथें घरें नाहींत. शिपाई सहा इंच चालतो, पाण्यांत तीनच. गोळी लागली कीं नाहीं तें फांसा सांगतो. झाडाआडच्या माणसास ती सहसा लागत नाहीं. इतकें कळल्यावर आम्हीं बुद्धिबळाच्या संवयीनें दोन शिपाई प्याद्यांसारखे पाण्यांत लोटले. पहिल्याच फेरींत एक पडला.

"आजोबा, आतां दुसऱ्याच्या धैर्याचा फांसा टाका."

फांशावर एक पडला. नातवानें आमचा शिपाई उचलून तोंड फिरवून मागें ठेवला.

"अरे, आम्हीं त्यास पुढें जाण्याचा हुकूम दिला आहे!"

"हुकूम तुमचा, आजोबा, पण पाय त्याचे."

आम्ही हंसलों, तोहि हंसला. कित्येक महिन्यांनीं त्याचें हंसूं ऐकलें. परंतु रात्रीं अंथरुणावर पडल्यावर तें वाक्य पुन्हां आठवलें, आणि मग झोंप येईना. प्याद्यास कोणी विचारीत नाहीं. बैठकींत आम्हींहि कोणास विचारलें नव्हतें.

तीन दिवसांत तीन डाव हरलों. नियम विसरत असूं. तो न कंटाळता पुन्हां सांगे. दुसऱ्यांदा विचारणाऱ्या मुलांवर आम्ही वर्गांत किती ओरडत असूं, त्याची या वेळीं लाज वाटली. तिसऱ्या डावांत एवढें मात्र समजलें कीं, नाईक जवळ उभा असला म्हणजे शिपायाच्या धैर्याच्या फांशांत एक मिळवितां येतो.

डाव संपल्यावर विचारलें, "तुला काय शिकावयाचें आहे?"

तो बराच वेळ शिपाई कापसांत गुंडाळीत राहिला. मग म्हणाला, "इतिहास."

घरांत अद्याप एकमत नाहीं. धाकटे बंधु तर आमच्यावर रागावले आहेत. पुढच्या बैठकींत मात्र नातूहि बसणार आहे, आणि आम्ही त्याच्या शेजारीं बसणार आहों.