सातारा ते सांगली : अब्बांची गाडी

आष्ट्याच्या अलीकडे गाडीचं मागचं चाक पंक्चर झालं. माझा मुलगा जॅक लावून दांडा फिरवू लागला. जॅक वर चढत होता, पण गाडी जागची हलेना. मग कर्रकन आवाज झाला आणि जॅकचं डोकं दाराखालच्या पत्र्यात घुसलं. आतून मूठभर तांबडा चुरा आणि वाळका गाळ रस्त्यावर सांडला. तो गाळ पाहताच मला २०१९ आठवलं.

ही अब्बांची मारुती ८००. २००३ साली साताऱ्यात घेतलेली. अब्बांच्या इंतकालानंतर ती दारातच उभी असायची. कोरेगावकडच्या एका ओळखीच्या मुलाने ती मागितली. त्याच्या आईला दर आठवड्याला साताऱ्याच्या दवाखान्यात आणावं लागतं. सौदा जवळपास ठरला होता. देण्याआधी एकदा सांगलीच्या खालाला भेटून यावं म्हणून आम्ही निघालो होतो.

साताऱ्याहून सांगली सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. उंब्रज, कराड, मग पेठ नाक्यावर महामार्ग सोडून इस्लामपूर आणि आष्टा. या वाटेत कृष्णा पुन्हा पुन्हा भेटते. महाबळेश्वरच्या डोंगरात ती उगम पावते, माहुलीला वेण्णा आणि कराडला कोयना तिला मिळते. आमच्या साताऱ्याच्या डोंगरावर पाऊस कोसळला की दोन दिवसांनी सांगलीकरांचं लक्ष आयर्विन पुलाकडे लागतं. १९२९ सालचा हा पूल. त्याच्याजवळ पाण्याची पातळी फुटांत मोजतात. ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं.

तेव्हा अब्बा खालाकडेच होते. माणसं होडीतून बाहेर निघाली, गाडी गल्लीत पाण्याखाली राहिली. पूर ओसरल्यावर इंजिन उघडून साफ केलं, सीट धुऊन उन्हात वाळवल्या, नवे कार्पेट टाकले. गाडी सुरू झाली तेव्हा अब्बांनी अल्हम्दुलिल्लाह म्हणून पेढे वाटले होते. दाराखालच्या पोकळ पत्र्यात गाळ शिरून बसला असेल, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

उसाच्या एका ट्रॅक्टरवाल्याने जॅक ॲक्सलखाली लावून चाक बदलून दिलं. सावकाश खालाच्या घरी पोहोचलो. दुसऱ्या दिवशी खालूंनी मिरजेच्या एका जुन्या मिस्त्रीकडे नेलं.

मिरज म्हणजे ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्याचं गाव आणि सतार-तंबोऱ्यांचंही. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी शस्त्रांचं काम संपल्यावर इथे वाद्यं घडवायला घेतली. तिथले कारागीर भोपळा बोटाने वाजवून पाहतात. मिस्त्रीचाचांनी आमच्या गाडीखाली आडवं होऊन नेमकं तेच केलं. हातोडीच्या दांड्याने ते पत्रा ठोकत गेले. निरोगी जागी खणखणीत आवाज, गंजलेल्या जागी भदभद. खडूने ते खुणा करत राहिले. वरून रंग चांगला दिसत होता, तरी डाव्या बाजूला दीड-दोन फूट खुणाच खुणा झाल्या.

"चाचा, लांबी भरून रंग मारून द्या. गाडी विकायचीच आहे," मी म्हणाले.

चाचा उठून बसले. "आपा, ट्रकला खाली वेगळी चॅसी असते. या छोट्या गाडीला तशी नाही. हा पोकळ पत्राच तिची हाडं. सीटबेल्टचा खालचा बोल्टही इथेच कसलेला आहे. बाजूने धडक बसली तर लांबी वाचवणार आहे का? यात बसणार कोण?"

त्या मुलाची आई माझ्या डोळ्यांसमोर आली. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून पैगंबरांनी (स.) खालचं ओलं धान्य बाहेर काढलं, तो प्रसंग मी स्वतः मुलांना कितीदा सांगितला आहे! आणि आता ओलं झाकायला मीच निघाले होते. मान खाली घालून म्हटलं, "मग नीट करा."

तीन दिवस काम चाललं. आधी बॅटरीची वायर सोडली, सीट आणि कार्पेट काढले, पेट्रोलची नळी बाजूला घेतली, कारण ठिणगी उडणार. कापल्यावर गाडी मधे बसू नये म्हणून खालून टेकू दिले आणि दार नीट लागतंय ना, हे पुन्हा पुन्हा पाहिलं. मग खडूच्या खुणेच्याही पुढे, चकचकीत लोखंड लागेपर्यंत पत्रा कापला. "गंजावर जोड टिकत नाही," चाचा म्हणाले. तेवढ्याच जाडीचा, साधारण एक मिलिमीटरचा, नवा पत्रा वाकवून बसवला. जोड सीओटू वेल्डिंगने, तोही इथे एक टाका, तिथे एक टाका. एकाच जागी सलग उष्णता दिली तर पातळ पत्रा वाकतो. मग झिंक प्रायमर, त्यावर रंग आणि शेवटी पोकळीत मेणयुक्त तेलाचा फवारा, कारण वेल्डिंगच्या आतल्या बाजूचा रंग जळतो आणि गंज तिथूनच पुन्हा धरतो.

बंद करण्याआधी त्यांनी मला बोलावलं. "मोबाइलवर फोटो काढा. घेणाऱ्याला दाखवा."

खर्च गाडीच्या ठरलेल्या किमतीच्या निम्म्यावर गेला. साताऱ्याला येऊन त्या मुलाला पुराची हकिकत सांगितली, सगळे फोटो दाखवले. तो बराच वेळ गप्प होता. "दुसऱ्या बाजूचं काय?" त्याने विचारलं. मी चाचांचा नंबर दिला. तो मिरजेला फोन करून स्वतः बोलला, मग किमतीत थोडं कमी करून गाडी घेऊन गेला. मला नुकसान झालं, ते मी लपवत नाही. पण दर आठवड्याला ती गाडी आमच्या रस्त्याने जाते आणि मागच्या सीटवरून त्याची आई मला हात करते. तेव्हा मला नजर चोरावी लागत नाही.

तुमच्या घरी जुनी गाडी असेल, त्यातही पुराचं पाणी पाहिलेली, तर पावसाळ्याआधी आणि नंतर एवढं करा. दाराखालची पाणी निघायची भोकं मऊ तारेने मोकळी करा. कार्पेट उचलून खाली ओल आहे का, ते हाताने पाहा. रंगाला फोड आला असेल तर दाबून बघा. लोखंडापेक्षा गंज जास्त जागा घेतो, म्हणून रंग फुगतो. गंज साफ न करता वरून काळं कोटिंग मारू नका, ओल आत कोंडते. आणि मिस्त्रीला पत्रा ठोकून आवाज ऐकवायला सांगा.