बोरू आणि संकेतांक

दिवसभर संगणकाच्या प्रात्यक्षिकांत गढलेले मन रात्री बोरूकडे वळते, आणि मोडीची वळणे गिरवू लागताच ध्यानी येते की हे दोन्ही व्यासंग मूलतः एकाच जिज्ञासेतून उपजले आहेत. आज ‘दऱ्या’ हा शब्द पडद्यावर उमटताना न्याहाळला : नुक्ता असलेला ऱ, त्यामागून हलन्त, मग य, असे युनिकोडचे संकेतांक क्रमाने येतात आणि फॉन्टमधील नियम त्यांतून आडव्या रेषेचा तो अर्धा र घडवितात, साधा र योजल्यास तेथे रेफ येतो. ही व्यवस्था मला अत्यंत रमणीय वाटते. २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्थान मिळाले खरे. परंतु जुन्या दफ्तरांतील, लेखणी न उचलता धावत्या हाताने लिहिलेला मजकूर यंत्राला वाचता यावा, ही माझी आकांक्षा, आणि त्यासाठी स्वहस्ते गिरविलेली अक्षरे नमुन्यादाखल साठवू लागलो आहे.