खरखरीच्या आडचा स्वर

मुद्रित संगीताच्या ध्वनिगुणवत्तेची चर्चा आपण बहुधा यंत्रांपाशी आणून थांबवतो. कुणी स्पीकरविषयी बोलतो, कुणी बिटरेटविषयी. ऐकणाऱ्याच्या मेंदूविषयी मात्र फारसे कुणी बोलत नाही. वास्तविक तबकडीवर जे असते आणि आपल्याला जे ऐकू येते, त्यांत बरेच अंतर असते. आणि ते अंतर मेंदूने आपल्याला न विचारता भरून काढलेले असते.

जुन्या टेलिफोनचेच पाहा. त्याच्या तारेतून साधारणपणे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच ध्वनी येई. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ नाद याच्या बराच खाली, शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे तो पलीकडून येतच नसे. तरीही माझ्या वडिलांचा आवाज फोनवर मला कधी चढलेला वाटला नाही. मूळ नादाच्या पटीतले वरचे उपस्वर तेवढे पोचत आणि त्यांवरून मेंदू खालचा नाद स्वतःच उभा करी. तळहाताएवढ्या ट्रान्झिस्टरवर तंबोऱ्याचा खर्ज ऐकल्याची आपल्याला खात्री असते, तीही अशीच.

याहून विलक्षण प्रयोग रिचर्ड वॉरन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७० साली प्रसिद्ध केला. ध्वनिमुद्रित वाक्यातल्या एका शब्दातला एक ध्वनी त्याने कापून टाकला आणि त्या जागी खोकल्याचा आवाज बसवला. वीसपैकी एकोणीस श्रोत्यांनी सांगितले, की काहीही गाळलेले नाही. खोकला नेमका कुठे आला, हेही त्यांना धड सांगता येईना. पण त्याच जागी नुसती शांतता ठेवली, तेव्हा खिंडार लगेच लक्षात आले. पाठचिकित्सा करणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा. संपादक गळालेले अक्षर भरतो तेव्हा निदान कंस तरी घालतो. मेंदू कंस घालत नाही.

जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या 'शुद्धीकरणा'विषयी माझ्या मनात जी अढी आहे, ती इथून समजून घेता येते. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी आमच्या घरी ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरून कॅसेटवर उतरवलेली होती. तीत खरखर भरपूर. पुढे खरखर काढून टाकलेली एक सीडी मिळाली. वडिलांनी ती पाचेक मिनिटे ऐकली आणि म्हणाले, "गळा कुठं गेला?" खरखर आणि आवाजातले सूक्ष्म उपस्वर ध्वनिपटाच्या एकाच भागात मिसळलेले असतात, गाळणी लावली की दोन्ही थोडेफार जातात, हे खरेच. पण मला वाटते, आणखी एक गोष्ट घडते. खरखर असते तोवर मेंदू तिच्या आडून हरवलेला स्वर पुरा करत राहतो. ती गेली, की उरते ते खिंडार. त्याला आडोसाच राहत नाही.

वडिलांना तेव्हा वयपरत्वे वरचे ध्वनी जवळजवळ ऐकूच येत नव्हते. दूरदर्शनवरच्या नव्या गायकांचे शब्द कळत नाहीत, अशी त्यांची रोजची तक्रार. खाँसाहेबांच्या बाबतीत ती कधीच नव्हती. पन्नास वर्षांच्या ऐकण्याची पुंजी त्यांच्या गाठीशी होती आणि कानांची तूट ते तीतून भरून काढत. त्यांनी ऐकले ते खोटे होते, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अपेक्षेचा वाटाही यात कमी नाही. १९१५ पासून एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत जाहीर 'स्वरपरीक्षा' भरवल्या. गायिका आणि तबकडी आळीपाळीने गात. मध्येच दिवे मालवले जात आणि गायिका कधी निघून गेली, ते श्रोत्यांना कळत नसे म्हणे. (प्रयोग जाहिरातीचाच होता आणि गायिका तबकडीच्या आवाजाशी जुळवून घेत असणार, हे गृहीत धरूनही.) आज ती मुद्रणे आपल्याला डब्यातून आल्यासारखी वाटतात. तबकडी तीच आहे, आणि कानही माणसाचेच.

मी महाविद्यालयात साहित्य शिकवतो. आस्वादात वाचकाचा वाटा किती, या विषयाच्या तासाला ती जुनी कॅसेट वर्गात लावतो. पहिल्यांदा मुलांना फक्त खरखर ऐकू येते. "पावसात कुणीतरी गातंय," असे एकजण म्हणाला. मी काही न बोलता पुन्हा लावतो. तीन मिनिटांचेच तर गाणे. मागच्या वर्षी तिसऱ्यांदा लावले, तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "सर, आवाज वाढवलात का?"

मी बटणाला हातही लावला नव्हता.