आपला भाव

सरकारी कार्यालयातील सोळा वर्षांची नोकरी मी २०१० मध्ये सोडली आणि अमरावतीत घराच्या पुढच्या खोलीत व्यक्तिचित्रे काढण्याचा व्यवसाय सुरू केला. राजीनामा तीन ओळींचा होता. त्यातून बाहेर पडायला मात्र बराच काळ लागला.

कार्यालय अकोल्याला होते. पत्नीची शाळा अमरावतीत असल्यामुळे मी रोज बडनेऱ्याहून गाडी धरीत असे. एका बाजूने सुमारे ८० किलोमीटर. ‘अप-डाऊन’ करणाऱ्यांच्या डब्यात पत्ते चालत, भजने चालत. मी जुन्या परिपत्रकांच्या कोऱ्या पाठीवर माणसे रेखाटीत बसे. खिडकीला डोके टेकून झोपलेला शिक्षक, मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी धरून बसलेली परिचारिका, मूर्तिजापूरला उतरून शकुंतलेच्या छोट्या गाडीकडे धावणारी माणसे. शाळेत दिलेल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षा आणि हा रेल्वेचा डबा, एवढेच माझे कलाशिक्षण.

वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते व निवृत्तिवेतन मिळते. त्याआधी राजीनामा दिला, तर मागची सेवा निवृत्तिवेतनासाठी बाद होते. मी आस्थापना शाखेत होतो. हा नियम मीच कितीतरी जणांना समजावून सांगितला होता. मला स्वतःला चार वर्षे कमी पडत होती.

“चार वर्षं थांबणं होत नाही का तुमच्यानं?” पत्नीने एवढेच विचारले. मला नीट उत्तर देता आले नाही. त्या वर्षी माझ्या लक्षात आले होते की, कागदावरचे चेहरे एकसारखे होऊ लागले आहेत. समोरच्या माणसाकडे न पाहता मी सवयीने रेघा ओढीत होतो. आणखी चार वर्षांनी निवृत्तिवेतन हाती येईल, पण हातात चित्र उरणार नाही, अशी भीती वाटली. ती भीती खरी होती की तो अधीरपणा होता, हे मी आजही ठामपणे सांगू शकत नाही. पहिली तीन वर्षे घर पत्नीच्या पगारावर चालले, हे मात्र नोंदवले पाहिजे.

अशा वेळी माणूस दाखले शोधतो. अमोल पालेकर मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकले, बँक ऑफ इंडियात नोकरी करू लागले आणि पुढे ती सोडून पूर्णवेळ कलेकडे वळले. उलट वसंत सरवटे स्थापत्य अभियंता म्हणून सिमेंट कंपनीत नोकरी करीत राहिले आणि त्याच काळात मराठीतील अव्वल व्यंगचित्रकार ठरले. नोकरी सोडावी की धरावी, याचा निर्णय मला या दोघांकडून मिळाला नाही. आणि पहिल्या गिऱ्हाइकाला काय सांगायचे, हे तर कोणत्याच चरित्रात सापडले नाही.

पहिले गिऱ्हाईक दर्यापूरकडचा एक शेतकरी होता. त्याची आई वारली होती आणि तिचा एकच फोटो होता, मतदार ओळखपत्रावरचा. डोळ्यांची ठेवण कशी होती, कुंकू केवढे लावीत असत, पदर कसा असे, हे विचारून विचारून मी पंधरा दिवसांत चित्र पुरे केले. तो बराच वेळ चित्रासमोर उभा राहिला. मग म्हणाला, “किती पैसे होतीन जी?”

मी म्हणालो, “तुम्हाला योग्य वाटेल ते द्या.”

मला वाटले, हा माझा मोठेपणा आहे. त्याने मान हलवली. “आमच्या कापसाचा भाव आमाले सांगता येत नाही जी. तुमच्या चित्राचा तरी तुम्ही सांगा.”

मी खाली पाहिले. सोळा वर्षांत मला माझी किंमत एकदाही सांगावी लागली नव्हती. ती वेतन आयोग ठरवी. वेतनवाढ १ जुलैला आपोआप लागे. माझे वडील मूर्तिजापूर तालुक्यातले कापूस उत्पादक. १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, तेव्हापासून खरेदी केंद्रावर बंड्यांच्या रांगेत रात्र काढताना मी त्यांना पाहत आलो होतो. ग्रेडर मूठभर कापूस हातात घेऊन प्रत ठरवी आणि प्रतीवरून भाव ठरे. पुढे ती योजना संपली आणि व्यापारी बोलू लागले. वडील दोन्ही काळांत गप्प उभे असत. ‘योग्य वाटेल ते द्या’ हे माझे वाक्य मोठेपणाचे नव्हते. ती रांगेत उभे राहण्याची जुनी सवय होती.

मनात रंग, कॅनव्हास, चौकट आणि पंधरा दिवस मांडून मी म्हणालो, “अडीच हजार.” आवाज मलाच परका वाटला. त्याने घासाघीस केली नाही. दीड हजार मोजून दिले; उरलेले कापूस निघाल्यावर देतो म्हणाला. पौष महिन्यात तो खरोखरच आला, हजार रुपये आणि पिशवीभर तुरीच्या शेंगा घेऊन.

त्या रविवारी गावी जाऊन मी हे वडिलांना सांगितले. त्यांनी चित्र पाहिले नव्हते आणि चित्राबद्दल काही विचारलेही नाही. शेंगा सोलता सोलता ते थांबले.

“भाव तूनं सांगतला,” ते म्हणाले, “अन् त्यानं देला?”

“हो.”

ते पुन्हा शेंगा सोलू लागले. थोड्या वेळाने त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि मी पुन्हा तेच उत्तर दिले.