आतले तापमान

माझ्या यजमानांना मोटारींचा नाद होता. अमेरिकेत फिनिक्सला येऊन स्थिरावल्यावर त्यांनी एक जुनी, दोन आसनांची, जर्मन बनावटीची स्पोर्ट्स कार घेतली. 1987 सालची. तिच्यावर त्यांनी रविवारमागून रविवार खर्च केले आणि मी त्याबद्दल तितक्याच वेळा कुरकुर केली. ते गेले, आणि गाडी गॅरेजमध्ये चादरीखाली उभी राहिली. दोन वर्षांनी ती विकायची असे ठरवले, तेव्हा पाहायला आलेला पहिलाच गृहस्थ दहा मिनिटांत परतला. गाडी सुरेख होती, पण एसी थोडा वेळ गार हवा देई आणि मग चक्क गरम वारा फेकू लागे. वाळवंटातल्या शहरात अशी गाडी कोण घेणार?

त्याच मार्च महिन्यात, 2023 साली, माझे वडील पुण्याहून माझ्याकडे राहायला आले होते. वय ब्याऐंशी. एसटीच्या दापोडी कार्यशाळेत त्यांची सारी नोकरी गेली. रक्तदाबाची गोळी आणि लघवी साफ होण्याची गोळी, एवढे सोडले तर प्रकृती ठणठणीत. मी एकटी पडले म्हणून ते आले, असे ते सांगत. ते एकटे पडले म्हणून मी त्यांना बोलावले, असे मी सांगे.

"गिऱ्हाईक परत गेलं म्हणतेस? मी बघतो," नाना म्हणाले. चादर काढताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आले, ते मी आई गेल्यापासून पाहिले नव्हते.

सगळ्यांचा पहिला संशय गॅसवर असतो. या गाडीत मुळात जुना आर-12 वायू भरलेला असे. ओझोनचा थर वाचवण्यासाठीचा माँट्रियल करारही 1987 चाच, म्हणजे गाडीच्याच वयाचा. पुढे 1996 पासून अमेरिकेत आर-12 चे उत्पादन थांबले आणि मोटारी आर-134ए वर गेल्या. आमच्या गाडीतही तो बदल पूर्वीच करून झाला होता. एका दुकानात दाब तपासून घेतला, तो योग्य निघाला. तिथल्या माणसाने तरीही नवा कॉम्प्रेसर सुचवला. नानांनी मान हलवली आणि मला मराठीत म्हणाले, "रोग कळायच्या आधीच ऑपरेशन सांगतोय हा."

घरी आल्यावर त्यांनी एक वही घातली. रोज पहाटे पाच ते साडेसात आम्ही गॅरेजमध्ये असू. त्यानंतर तिथे उभे राहवत नसे. दुसऱ्या दिवशी त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली, आणि पुढचे सारे निदान तिच्यातून निघाले. तापमानाचे बटण अगदी टोकाला, निळ्या खुणेवर ठेवले तर हवा तासभरही गारच राही. तेच 72 अंशांवर (आपले साधारण 22) आणले की दहा मिनिटांत गरम वारा सुरू. म्हणजे गारवा तयार होत होता, गॅस ठीक होता, कॉम्प्रेसर ठीक होता. टोकाला बटण असताना ही यंत्रणा कोणाला काही विचारत नाही, नुसती थंडी सोडते. मधल्या आकड्यावर मात्र तिला आत किती उकडते आहे हे ठाऊक असावे लागते. त्याप्रमाणे ती गार हवेत थोडी गरम हवा मिसळते. बिघाड तिच्या समजुतीत होता.

तरी नानांनी घाई केली नाही. इंजिनातले गरम पाणी हीटरकडे सोडणारी झडप तपासली. तिला ओढून धरणारी निर्वात नळी जुनी झाली की चिरते आणि झडप उघडी राहते. आमची नळी शाबूत होती. मग आतल्या तापमानाचा सेन्सर. डॅशबोर्डमागे बसवलेला हा लहानसा मणी गरम झाला की त्याचा विद्युतरोध कमी होतो, गार झाला की वाढतो. तो बाहेर काढून नानांनी त्याला एकदा हेअर ड्रायरची ऊब दिली, एकदा बर्फाच्या पेल्याला टेकवला. मल्टिमीटरचे आकडे शहाण्या मुलासारखे खाली-वर झाले. सेन्सरही निर्दोष!

इथे आम्ही आठवडाभर अडलो. आणि त्या आठवड्यात उन्हाळ्याने रंग दाखवला. ज्यांनी ती बातमी वाचली असेल त्यांना आठवेल: त्या वर्षी 30 जूनपासून सलग 31 दिवस फिनिक्सचे कमाल तापमान 110 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 43 अंश सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक होते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एके दिवशी मी कामावरून दुपारी एकला घरी फोन केला. कोणी उचलला नाही. पुन्हा केला. मग मी निघालेच.

नाना गॅरेजमध्ये गाडीच्या आसनावर बसले होते. दार उघडे, समोर टेबलफॅन भर वेगात. "किती वेळ बसलात इथं?" असे मी ओरडलेच. "मला काही होत नाहीये, उकडत पण नाहीये," ते शांतपणे म्हणाले. मग विचारले, "तुझी आई अजून आली नाही का गं?"

आई जाऊन सहा वर्षे झाली होती. माझी नजर त्यांच्या शेजारच्या ताटलीकडे गेली. आयुष्यभर प्रत्येक स्क्रू ओळीने लावून ठेवणाऱ्या माणसाच्या ताटलीत सगळे स्क्रू एकत्र कालवलेले होते. त्यांच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला, आणि कपाळ कोरडे होते.

मी 911 ला फोन केला. रुग्णवाहिका येईपर्यंत काय करायचे ते फोनवरची बाई सांगत होती: घरात थंड जागी आडवे करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला, मान आणि काखा यांना बर्फ लावा, आणि भान नीट नसताना तोंडाने काही पाजू नका. मी पाण्याचा पेला हातात घेऊनच उभी होते. तो खाली ठेवला. आलेल्या माणसांनी ताप मोजला, तो 103 च्या वर होता.

रुग्णालयात तीन रात्री गेल्या. दुसऱ्या दिवशी ते पूर्ण भानावर आले आणि पहिला प्रश्न आला तो स्क्रूंचा. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावले. उतारवयात घाम उशिरा येतो आणि कमी येतो. कातडीकडे रक्त वळवून उष्णता बाहेर टाकण्याची शक्ती घटते. तहान लागणेच कमी होते, म्हणजे अंगातले पाणी घटलेले असते तरी घसा कोरडा पडत नाही. त्यात लघवीची गोळी पाणी आणि क्षार आणखी काढून टाकते. ॲलर्जीची, मूत्राशयाची काही औषधे घामच रोखतात. यातले कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करायचे नाही. पण उन्हाळ्याच्या तोंडावर सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवायची, हे मी कधी केले नव्हते. नानांच्या त्या गोळीची मात्रा त्यांनी कमी केली. पंख्याविषयीही ते बोलले. हवा अंगापेक्षा अधिक तापलेली असेल तर कोरड्या अंगावर पंखा उष्णताच आणून टाकतो. ओल्या अंगावर काही काळ उपयोग होतो. तेवढ्याने भागत नाही. माणसाला त्या जागेतून हलवावे लागते.

घरी आल्यावर आमचे कडाक्याचे भांडण झाले. मी गॅरेजला कुलूप लावले होते. "मी काय लहान मूल आहे?" "मला कामावर जाऊन तुमची काळजी करत बसायची का?" "मग पुण्याला पाठव मला!" असे दोन दिवस चालले. आजारी माणसाची सेवा करणाऱ्या प्रत्येकाला हे संवाद पाठ असतील. वाईट याचे वाटते, की त्या भांडणात मी बिनतोड युक्तिवाद केले आणि ते गप्प झाले. गप्प झालेल्या नानांना पाहणे मला रागावलेल्या नानांपेक्षा जड गेले. तिसऱ्या दिवशी मी स्वतःच गॅरेजमध्ये जाऊन डॅशबोर्डमागचा सगळा जोड सोडवला आणि जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी चष्मा पुसला. सेन्सरच्या मागे बोटाच्या पेराएवढा एक पंखा असतो. गाडीतली हवा थोडी थोडी ओढून सेन्सरवरून नेणे एवढेच त्याचे काम. तो धुळीने आणि केसांनी पार जाम झाला होता. काही केस काळे होते, काही पांढरे. ते कोणाचे, हे आम्ही दोघेही बोललो नाही. दुसरी गोष्ट आम्ही इतके दिवस डोळ्यांनी पाहत होतो. एसी लावला की झरोक्यांतून काळे कण उडून नानांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडत. हवेच्या नळ्यांच्या सांध्यावरचा स्पंज पस्तीस वर्षांत कुजून त्याची भुकटी होत होती. सांधा उघडा पडला होता आणि त्यातून गळणारी थंड हवा थेट सेन्सरच्या कोपऱ्यात जात होती. पंखा बंद, त्यामुळे गाडीतली खरी हवा तिथवर पोचतच नव्हती.

"म्हणजे बघ," नाना म्हणाले, "सेन्सर खोटं बोलत नाही. तो बसलाय तिथं गारच आहे. म्हणून गाडीला वाटतं सगळीकडेच गार झालं, आता ऊब द्यावी." थोडा वेळ ते पंख्यातली धूळ टाचणीने काढत राहिले. मग वर न बघता म्हणाले, "मी पण पंख्यासमोरच बसलो होतो, नाही का गं?"

मी हो म्हटले. त्या दिवसानंतर गॅरेजला कुलूप राहिले नाही. भिंतीवर एक मोठ्या आकड्यांचा थर्मामीटर आला, आणि 90 च्या वर आकडा गेला की बाहेर यायचे, हे त्यांनीच वहीत लिहिले. पाणी तहानेवर सोपवायचे नाही, घड्याळावर प्यायचे. किती प्यायचे ते डॉक्टरांकडून ठरवून घेतले, कारण काहींना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या दुखण्यामुळे पाणी मोजूनच घ्यावे लागते. मी दुपारी एकला फोन करते, तेव्हा "बरे आहात ना?" असे विचारत नाही. त्याला उत्तर नेहमी "हो"च येते. मी भिंतीवरचा आकडा विचारते, आणि सकाळपासून किती पेले झाले ते.

नवा स्पंज चिकटवून, पंखा साफ करून सगळे जोडायला आम्हाला ऑगस्ट उजाडला. एका पहाटे साडेपाचला आम्ही साउथ माउंटनच्या रस्त्याला गाडी घातली. बटण 72 वर. नाना घरातला पारा असलेला जुना थर्मामीटर हातात धरून बसले होते. दहा मिनिटे झाली, वीस झाली. गरम वारा आला नाही.

"किती आहे?" मी विचारले.

"बहात्तर. बरोबर बहात्तर," ते म्हणाले. पुढच्या वळणावर त्यांनी सदऱ्याच्या बाह्या खाली ओढल्या. "पण मला जरा थंडी वाजतेय गं."

मी बटण 76 वर नेले.